झाकून ठेवू नकोस, बाई

अगं, काल फोनवर तू अर्धं बोललीस आणि अर्धं गिळलंस. मामंजी ओसरीवर बसले होते, हे मला कळलं. म्हणून आज लिहिते. स्वयंपाकघर आवरलं की निवांत वाच. दाजींना वाचायला दे. सासूबाईंना वाचून दाखवायचं धाडस झालं, तर फारच बरं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगून टाकते. तुझा दीर दारू-पावडरीच्या नादात आहे तोवर त्याच्यासाठी मुलगी शोधू नकोस. सासूबाई आशेनं तुझ्याकडं बघतायत, ‘तुझ्या माहेरच्या नात्यात कुणी असेल तर बघ की’ म्हणतायत. त्यांना तोडून बोलू नकोस, पण शब्दही देऊ नकोस. आपल्या मामाची पोर डी.एड. होऊन घरी बसलीय, तिच्या बापाला बागायती शेती आणि कारखान्याचे शेअर दिसले की तो लगेच हो म्हणेल. त्याला बाकीचं कुणी सांगणार नाही. आणि वर्षभरानं ती पोर तुझ्याच दारात उभी राहून विचारेल, ‘ताई, तुम्हाला माहीत होतं ना?’

‘लग्न झालं की जबाबदारी पडेल, मग आपोआप सुधारेल.’ माळेगावात काय, बारामती-इंदापुरात काय, हे वाक्य घराघरांत बोललं जातं. बोलणारी माणसं वाईट नसतात, हतबल असतात. पण जो आईच्या रडण्यानं थांबला नाही, बापाच्या शिव्यांनी थांबला नाही, तो काल हळद लागलेल्या परक्या पोरीच्या तोंडाकडं बघून कसा थांबेल? पहिले दोन महिने कदाचित थांबेलही. मग सुरू होईल, आणि तेव्हा दोष तिच्या पायगुणाला जाईल. ‘आमचा पोरगा असा नव्हता, ही आली आणि बिघडला.’ हे आपण दोघींनी किती घरांत ऐकलंय, तूच आठव.

आता दुसरी गोष्ट. तू म्हणालीस, ‘आक्का, गावात कळायला नको.’ बाई, गावाला कळलेलं आहे. पानटपरीवाल्याला माहीत आहे, उधारी देणाऱ्याला माहीत आहे, रात्री त्याला मोटारसायकलवरून घरी आणून सोडणाऱ्या पोरांना माहीत आहे. कळलेलं नाही ते फक्त डॉक्टरला. ज्याला कळायला हवं तेवढ्या एकालाच आपण वगळलंय.

मी त्याला वाईट मुलगा म्हणत नाही. तुझ्या लग्नात वाढप्यात पुढं असलेला, माझी बॅग उचलून गाडीपर्यंत धावत आलेला पोरगा मला आठवतोय. व्यसन लागतं तेव्हा काय होतं ते समजून घे, म्हणजे तुझा त्याच्यावरचा राग थोडा योग्य ठिकाणी लागेल. आपल्या मेंदूत आनंदाची, बक्षिसाची एक यंत्रणा असते. भूक लागल्यावर जेवलं की, कौतुक झालं की, माणसं भेटली की ती जागी होते. दारू, गांजा, पावडर ही यंत्रणा परस्पर आणि जोरात हलवतात. वारंवार हलवली की मेंदू त्या जोराला सरावतो. मग जेवणाचा, खेळाचा, घरच्या माणसांचा आनंद फिका पडतो आणि नशेशिवाय बरंच वाटत नाही. पुढं तर बरं वाटण्यासाठी नाही, नुसतं नीट उभं राहता यावं म्हणून ती लागते. त्यात विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. तुझा दीर एकोणिसाव्या वर्षी नशेला लागलाय. हे सगळं त्याच्या हातात नाही असं मी म्हणत नाही. पण ‘मनावर घेतलं तर उद्या सोडेल’ हे खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटना व्यसनाला आजारांच्या यादीत मोजते, आणि आजाराला उपचार लागतो.

तू विचारलंस, ही पावडर आपल्या गावापर्यंत आलीच कशी? लांबून आली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सोमवार पेठेत काही जणांना पकडलं. धागा विश्रांतवाडीच्या गोदामापर्यंत गेला आणि तिथून थेट कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यापर्यंत. पुढं दिल्ली आणि सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत माल सापडत गेला. सगळा मिळून सतराशे किलोच्या वर मेफेड्रोन, किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढं, असं पोलिसांनी सांगितलं. कुरकुंभ म्हणजे आपल्या शेजारचा दौंड तालुका, बारामतीहून तासाभराची वाट. हीच ती ‘एमडी’. तिला खसखशीची शेती लागत नाही, ती समुद्रापलीकडून आणावी लागत नाही. रसायनं आणि ती हाताळणारा माणूस असला की आडबाजूच्या शेडमध्येही ती तयार होते. २०१५ पासून मेफेड्रोन अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी थांबलेलं नाही. शहरातल्या श्रीमंतांच्या पोरांचं खूळ म्हणून आपण ज्याच्याकडं पाहिलं, ते एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर बनत होतं.

ही पावडर घेतलेला माणूस ओळखायचा कसा, तेही सांगते. रात्र रात्र झोप नाही, भूक नाही, बोलणं भरधाव, दात चावत राहणं, अंग झपाट्यानं उतरणं. मग दोन दिवस मेल्यासारखं झोपणं आणि उठल्यावर चिडचीड, उदासी. तू म्हणालीस ना, तो कधी चार दिवस जागा असतो आणि कधी जेवायलाही उठत नाही? तेच ते. आणि दुधाचं दहा दिवसांचं बिल डेअरीतून परस्पर उचललं जातंय, त्याचा हिशेब आता तुझा तुलाच लागेल.

पण पावडरीची बातमी होते म्हणून दारूकडं कानाडोळा करू नकोस. मला विचारशील तर आपल्या भागाचं मोठं दुखणं दारूच आहे. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात साधारण १६ कोटी माणसं दारू पितात आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना तिच्यामुळं मदतीची गरज आहे, असं त्यात निघालं. आणखी एक आकडा त्यात आहे, तो मला रात्री झोपू देत नाही. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमध्ये फक्त एकाला कुठला तरी उपचार मिळतो. एकाला. उरलेले ३७ घरात असतात, आणि ते कुणाच्या तरी पदराखाली झाकलेले असतात.

आपल्याकडं पैसा येतो उसाचा. पहिली उचल मिळाली, बिल निघालं की निऱ्याच्या पट्ट्यातले धाबे रात्री कसे भरतात ते तू बघतेस. माळेगावच्या कारखान्यानं या गावाला काय दिलं ते मी विसरत नाही. शिवनगरला शाळा-कॉलेजं उभी राहिली, आपल्यासारख्यांच्या पोरी तिथं शिकल्या, घरं पक्की झाली. पण हातात एकरकमी पैसा, वर्षातले बरेच दिवस पाण्याची पाळी सोडली तर मोकळा वेळ, आणि शिकून नोकरी नाही म्हणून आत धुमसणारी पोरं, हे तिन्ही एकत्र आलं की संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न बाटली सोडवते. या पोरांशी शेतीच्या पुढचं कुणी बोलत नाही. ‘काय करतोस सध्या?’ एवढंच प्रत्येक जण विचारतो आणि तेच त्यांना टोचतं. तुझ्या दिराचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष राहिलं तिथूनच हे सुरू झालं, असं मला वाटतं. तेव्हा घरात कुणी त्याच्याशी दोन तास बसून बोललं होतं का? दोष द्यायला विचारत नाही. आता बोलायचं आहे म्हणून विचारते.

आणि कारखान्याच्या अड्ड्यावरच्या कोप्यांकडं एकदा बघ. बीड, अहिल्यानगरकडून गळीत हंगामाला ऊसतोडीची माणसं येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती दोघांच्या नावावर, दोघांच्या अंगावर. नवरा रात्री पिऊन पडला आणि सकाळी उठला नाही, तर ऊस कोण तोडणार? ती. मोळ्या कोण बांधणार, डोक्यावरून गाडीत कोण भरणार? तीच. हंगाम संपला की उचल फिटलेली नसते, कारण अर्धा कोयता दारूत गेलेला असतो. मग पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. त्या बाईला विचारलं तर ती म्हणते, ‘दिवसभर राबतो, अंग दुखतं, म्हणून घेतो थोडी.’ तिचंही अंग दुखतंच की. समाजावर व्यसनाचे काय परिणाम होतात असं मोठमोठ्या शब्दांत लिहिलं जातं. मला ते सगळे परिणाम त्या एका कोपीत दिसतात. फिटत नसलेलं कर्ज, शाळा सुटलेली पोरं, मार, आणि ‘काही नाही, पडले मी’ असं सांगणारी बाई.

तुझ्या घरात आणि त्या कोपीत फरक पैशाचा आहे, झाकण्याचा नाही. सासूबाई पदराच्या गाठीचे पैसे देतात, कारण नाही दिले तर तो भांडी आपटतो आणि शेजारी ऐकतात. दाजी टपरीची उधारी गुपचूप भागवतात, कारण मामंजींच्या कानावर जायला नको. तू सकाळी कॉलेजातून फोन आला तर ‘ताप आलाय त्याला’ म्हणायचीस. तिघांनीही मायेनंच केलं. पण त्यामुळं त्याला कधी स्वतःच्या पिण्याची किंमत मोजावी लागलीच नाही, ती तुम्ही तिघांनी वाटून घेतली. झाकलेल्या जखमेत पू होतो, तसं झालंय हे.

आता काय करायचं नाही ते आधी सांगते, कारण तुझ्या सासरी कुणीतरी हे सुचवणारच.

चहातून, भाजीतून न सांगता ‘दारू सोडवायचं औषध’ देऊ नका. भिंतींवर जाहिराती असतात, कुणाची तरी मावशी पुडी आणून देते. त्यांतल्या कित्येकांत डायसल्फिरम नावाचं औषध असतं. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की शरीरात विषारी द्रव्य साचतं. तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. कधी जीवही जातो. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करून. न सांगता देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि उद्या त्याला कळलं, तर तुमच्या हातचं पाणीही तो विश्वासानं घेणार नाही.

खोलीत कोंडून ठेवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसायला लागतात. हा दवाखान्याचा प्रसंग आहे, अंगारा-धुपाऱ्याचा नाही. पावडर तुटली तर वेगळं होतं. माणूस खोल उदासीत जातो, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. म्हणून हे वाचून झालं की एक काम आजच कर. गोठ्यातलं फवारणीचं औषध, तणनाशक, सगळं कुलपात घाल आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लाव.

मारू नका. राळेगणसिद्धीत एकेकाळी पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले जात, हे अण्णा हजारेंनी स्वतः सांगितलेलं आहे. त्या गावाचं पाण्याचं, झाडांचं काम मोठं आहे आणि मी ते मानते. पण फटक्यांनी माणूस चारचौघांत प्यायचा थांबतो, आतून थांबत नाही. शरम त्याच्यात आधीच नको तितकी भरलेली आहे. ती बुडवायलाच तो पितो.

मामंजी म्हणतात, वारीला न्या, माळ घाला. याला मी नाही म्हणणार नाही. आपल्या भागात माळ घालून दारू सुटलेली माणसं तूही पाहिलीस, मीही. तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडीकडं जाते तेव्हा त्या गर्दीत असे किती तरी जण टाळ घेऊन चालत असतात. माळेमुळं काय होतं? संगत बदलते. संध्याकाळी धाब्यावर जाणारा माणूस भजनाला बसतो, चार माणसं त्याला ओळखायला लागतात, आणि माळेचा मान राखायचा म्हणून तो स्वतःला सांभाळतो. ही फार मोठी ताकद आहे. फक्त शरीराची तोड डॉक्टरनं आधी सांभाळली पाहिजे. आणि माळ त्यानं स्वतःहून मागितली पाहिजे, वडिलांनी धरून घातलेली नको. उपचार घे आणि मग खुशाल वारीला जा, असं त्याला सांगा.

आता उपचाराचं. महाराष्ट्रात या कामाची वाट ज्यांनी पाडली त्या बाईबद्दल तुला सांगायचंय. डॉ. अनिता अवचट, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९८० नंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्यात गर्द आली, ब्राऊन शुगर, आणि चांगल्या चांगल्या घरांतली पोरं तिच्यात गेली. त्यांचे पती अनिल अवचट यांनी त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये दिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिताबाई १९९७ मध्ये कॅन्सरनं गेल्या, अनिल अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. काम थांबलं नाही, त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळते. तिथं मारहाण नाही, साखळ्या नाहीत. उपचार घेऊन बरे झालेलेच पुढं समुपदेशक होतात आणि नव्यानं आलेल्याला ओळखतात. तो कुठली थाप मारणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं, कारण ती त्यांनीही मारलेली असते. दाखल झालेल्याचा उपचार ३५ दिवसांचा असतो, आणि त्यानंतरचा पाठपुरावा कित्येक वर्षांचा.

मला त्यांची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ‘सहचरी’. व्यसनी माणसांच्या बायकांचा तो गट आहे. बायका येतात, बसतात, बोलतात. वर्षानुवर्षं ज्यांनी तोंड उघडलं नाही त्या बोलतात. आजारी तो एकटा नसतो, घरातली माणसंही आजारी पडलेली असतात, हे अनिताबाईंना तेव्हाच कळलं होतं. सासूबाईंना पुण्याला घेऊन जाशील तर अशा एका बैठकीला बसव. माझ्या शंभर ओळींपेक्षा तिथल्या एका बाईचं बोलणं त्यांना जास्त पटेल. दारू सोडलेल्यांचे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे गटही महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून ठेवलं, तिथून ती चळवळ निघाली. फी नाही, कुणाचं नाव बाहेर जात नाही, आणि आयुष्यभराची शपथ घ्यायला लावत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. त्याच धर्तीवर कुटुंबीयांसाठीचे गट अल-अॅनॉन नावानं चालतात.

पुणं लांब वाटत असेल तर आधी बारामतीच गाठा. तिथं आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या मनोविकार विभागात दाखवा. निघायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक चोवीस तास असतात, मराठीत बोलता येतं. तू स्वतःसाठीही लाव हा फोन. ‘त्रास त्याला आहे, मी कशाला बोलू’ असं म्हणू नकोस.

दाजींना पोलिसांची भीती वाटते, ती मी समजू शकते. त्यांना सांग, अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ अ नावाचं कलम आहे. थोड्या प्रमाणातल्या सेवनात सापडलेला माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विकणाऱ्याला हे नाही. म्हणून तो अजून नुसता घेणारा आहे तोवरच धावपळ करा. पैसे संपले की घेणाऱ्यालाच विकायला लावतात, या धंद्याची रीतच तशी आहे.

आणि कुठल्याही केंद्रात टाकून मोकळं होऊ नका. गल्लोगल्ली व्यसनमुक्तीच्या पाट्या लागल्यात. केंद्राची सरकारी नोंदणी आहे का विचारा. मानसोपचारतज्ज्ञ नेमानं येतात का? घरच्यांना भेटू देतात का? ‘सहा महिने फोन करू नका, आम्ही बघतो’ असं जिथं सांगतील तिथून माघारी या. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा माणसाला साखळीनं बांधायला मनाई करतो, आणि व्यसनातून आलेले मानसिक आजारही त्याच कायद्यात येतात.

एक मनाशी पक्कं ठेव, उपचारानंतर तो पुन्हा घसरेल असा धोका आहे. बहुतेकांच्या बाबतीत एकदा तरी होतं. साखरेचा रुग्ण दिवाळीत लाडू खातो म्हणून आपण त्याचं औषध बंद करत नाही. तो घसरला तर ‘बघा, मी म्हणालेच होते’ असं कुणी म्हणू नका. त्याच दिवशी समुपदेशकाला फोन करा. वर्षभर चोख राहिला, कामाला लागला, तर मग लग्नाचं बघू. आणि तेव्हाही मुलीला आणि तिच्या घरच्यांना सगळं सांगून. सगळं कळूनही जी हो म्हणेल, तिचा तो निर्णय असेल.

तुझ्यासाठी काही. उधारी भागवायची नाही, आजपासून. दोघांनी मिळून टपरीवाल्याला तोंडावर सांगा, ‘यापुढं दिलंत तर तुमच्या जबाबदारीवर.’ डेअरीचं बिल दाजींच्या खात्यावर घ्या. सातबाऱ्यावर त्याच्या हिश्श्याची सही कुणी करून घेत नाही ना, यावर मामंजींनी लक्ष ठेवावं. तो भानावर असताना बोला, प्यायलेला असताना एक शब्द नाही. त्याच्या जेवणाचं ताट कधी बंद करू नकोस, पण हातात रोकड देऊ नकोस. आणि त्यानं तुझ्यावर किंवा सासूबाईंवर हात उचलला, तर ते व्यसनाच्या खात्यावर टाकून सोडून द्यायचं नाही. ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे. आजारी माणसावर दया करायची असते, त्याचा मार खायचा नसतो.

तुझा पोरगा नववीत आहे. त्याच्यादेखत कुजबुजता आणि तो आला की गप्प होता, असं तूच म्हणालीस. त्याला सगळं दिसतंय. त्याला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांग, ‘काका आजारी आहे, त्याचा उपचार करतोय, तुझी यात काही चूक नाही.’ एम्सच्या त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. व्हाइटनर, सोल्यूशन असलं हुंगायचं व्यसन मोठ्यांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत जास्त आहे. आणि आता तुझा पोरगा जिमला जायचं म्हणतोय, जाऊ दे. पण अंग लवकर भरावं, दम लागू नये म्हणून कुणी इंजेक्शन देऊ केलं तर घरी येऊन सांगायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. मेफेन्टरमाईन नावाचं औषध आहे. भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब उतरला तर ते टोचतात, आणि तेच जिममधली पोरं चोरून टोचून घेतायत. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी ते पकडलंय. हृदयावर जातं ते.

रागावणार नसशील तर आणखी एक बोलते. तुझी मिश्रीची डबी. सासूबाईंची वेगळी, तुझी वेगळी, सकाळी चुलीपुढं दोघी बसता. आपल्याकडं बायका तिला व्यसन मानतच नाहीत, दात घासायचं म्हणतात. ती भाजलेली तंबाखू आहे गं. मुंबईत गरोदर बायकांची पाहणी झाली होती, २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकींना मिश्रीचीच सवय होती, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. सकाळी मिश्री नाही लावली तर तुझं डोकं दुखतं, कामात मन लागत नाही, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. दिराला त्याच्या वस्तूशिवाय नेमकं हेच होतं, फक्त शंभर पटीनं. तू डबी सोडायला बसलीस तर त्याची ओढ काय असते हे तुला अंगानं कळेल आणि त्यालाही दिसेल की वैनी माझ्यासोबत काही सोडतेय. दोघांनी एकदम सुरू करा.

येत्या सोमवारी बारामतीला जा. दाजींनी एक दिवस पाण्याची पाळी दुसऱ्याला सांगावी. सकाळी लवकर निघा, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात नंबर लागेल. केसपेपर काढताना पोटदुखी, अशक्तपणा असलं काही सांगू नका. काय घेतो, किती घेतो, कधीपासून, ते खरं सांगा, त्याच्यावरच औषध ठरतं. आणि त्याला फसवून नेऊ नका. रविवारी रात्री जेवण झाल्यावर दाजींनी त्याच्याजवळ बसून स्पष्ट सांगावं, उद्या कुठं जायचंय आणि कशासाठी.